जॉबर आणि हिशेबाची वही

‘परवडत नाही’ हे दोन शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखे रोज वापरले जातात. सकाळी धाकटा सहलीचं विचारतो तेव्हा, संध्याकाळी थोरली कॉलेजातून काहीतरी मनात धरून येते तेव्हा, रात्री टीव्हीवर जाहिरात लागते तेव्हा. का परवडत नाही, किती कमी पडतात, कशामुळे पडतात, हे मात्र मी मुलांना कधी सांगितलं नव्हतं. मी पतपेढीत कारकून. दिवसभर लोकांच्या पैशांचे आकडे मांडायचे आणि रात्री जेवणं आटोपली की आपले. घरच्या हिशेबाची वही तांदळाच्या डब्यामागे ठेवायची ही माझी लग्नापासूनची सवय. माझी आईही तशीच ठेवायची. मुलांना घरातल्या पैशाचं कळू देऊ नये, त्यांचं मन कोतं होतं, असं ती म्हणे.

ती वही डब्यामागून बाहेर आली एका मांजरामुळे.

लालबागला चाळीत आमची एक खोली, मागे एवढंसं स्वयंपाकघर, कोपऱ्यात मोरी आणि वर पोटमाळा. माणसं पाच. सासरे, म्हणजे आबा, गिरणीत साचाखात्यात होते. हे छापखान्यात बाइंडिंगला. मांजर आलं २०२१च्या पावसाळ्यात. लॉकडाऊन उठून माणसं पुन्हा कामाला लागत होती, त्या दिवसांत जिन्याखाली मीटरच्या पेटीमागे हे पिल्लू ओरडत होतं. धाकटा तेव्हा बारा वर्षांचा. शर्टाच्या आत घालून त्याला वर घेऊन आला. मी अर्थातच ‘परवडत नाही’ म्हटलं. ‘माझ्या वाटणीचं दूध त्याला देईन,’ तो म्हणाला. त्याच्या वाटणीचं दूध पिऊन पिल्लाला जुलाब लागले. पुढे कळलं, की पुष्कळ मांजरांना गाईम्हशीचं दूध पचतच नाही. चित्रांतली, गोष्टींतली सगळी मांजरं बशीतून दूध पितात, त्यामुळे आपली समजूत तशी होते इतकंच.

नाव ठेवलं आबांनी. मोठं झाल्यावर हे बोक्याचं पोर पहाटे पाचला उठून गॅलरीत फेरी मारायचं. पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत प्रत्येक दारापाशी थांबायचं, आत डोकं घालायचं, कोण काय करतंय ते बघायचं आणि पुढे जायचं. आबा म्हणाले, ‘हा आमच्या खात्यातला जॉबर. तोही असाच साच्यांमधून फिरायचा, स्वतः कशाला हात लावायचा नाही.’ जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम. एके काळी गिरणीत माणूस कामाला लावायचा तोच. आमच्या मुलांना हा शब्द मांजराचं नाव म्हणून आधी कळला आणि त्याचा अर्थ मागून.

चाळीच्या जिन्याखाली लाल्या नावाचा कुत्राही आहे. महापालिकेच्या नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच पडलेला. तो कुणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा. चौदा खोल्यांमधली उरलीसुरली पोळी त्याला मिळते आणि तो कुणालाच महाग पडत नाही. शेजारच्या वहिनी मला नेहमी सांगायच्या, ‘प्राणी ठेवावा तर असा.’ जॉबर आमचा एकट्यांचा. कोळणीकडून मांदेलीचा एक वाटा आणायचा, पाण्यात उकडायचा, तीन दिवस पुरवायचा. महिन्याला पाच-सहाशे रुपये. वहीत त्याच्या नावाची ओळ नव्हती. मी ते पैसे ‘किरकोळ’मध्ये लिहायची. का, ते विचारू नका. मांजरावर महिन्याला सहाशे रुपये खर्च होतात, हे स्वतःच्या अक्षरात बघायची माझी तयारी नव्हती.

२०२३च्या एप्रिलपासून ह्यांचा पगार अर्धा झाला. मालकाने छापखाना भिवंडीकडे हलवायचं ठरवलं होतं. तोवर काम जेमतेम, म्हणून पगारही तसाच. तेवीस हजारांचे साडेअकरा झाले. माझे तेरा आणि आबांची पेन्शन चौदाशे. चौदाशे हा छपाईतला दोष नव्हे. गिरणी कामगाराची पेन्शन तेवढीच असते. ती मी कधी घरखर्चात धरली नाही. आम्ही दोघांनी ठरवलं, मुलांना सांगायचं नाही. थोरलीचं बारावीचं वर्ष, धाकटा नववीत. हे रोज सकाळी डबा घेऊन निघत आणि संध्याकाळी परत येत. फरक एवढाच, की येताना वडे-समोसे आणणं बंद झालं. मुलांना वाटलं, बाबा चिडके झालेत.

जूनमध्ये थोरलीने टॅलीच्या क्लासचं काढलं. कॉमर्सला आहे, तिच्या मैत्रिणी करत होत्या, फी साडेसहा हजार. ‘पुढच्या वर्षी बघू,’ मी म्हटलं. ‘का?’ ‘परवडत नाही.’ त्यावर तिने जॉबरकडे एक नजर टाकली आणि ती पोटमाळ्यावर निघून गेली. सतरा वर्षांच्या मुलीची ती नजर ज्यांच्या घरात मुली आहेत त्यांना सांगायला नको. आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. हो, नाही, ठेव तिथे.

जुलैत सगळंच एकदम अंगावर आलं. तुम्हाला आठवत असेल, त्या महिन्यात टोमॅटो शंभरीच्या पलीकडे गेले होते आणि गॅसचा सिलिंडर अकराशेच्या वर होता. १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते, त्यामुळे मांदेलीचाही भाव चढलेला. शिवाय अधिक श्रावण लागला होता, म्हणजे श्रावण दोन महिन्यांचा. ‘घरात मासळी शिजणार नाही,’ मी म्हटलं. ‘मांजराला कसला गो श्रावण?’ आबा म्हणाले. पण मला तेवढंच निमित्त पुरलं. दुकानातून सुक्या खाण्याची मोठी पिशवी आणली. हिशेब केला, तर मांदेलीपेक्षा स्वस्त पडत होती. जॉबरने दोन दिवस नाक मुरडलं आणि मग कुरूमकुरूम खायला लागला. पाणी तो आधीही फारसं प्यायचा नाही. त्याचं पाणी जायचं ते मांदेलीच्या रश्शातून. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी तो सारखा मोरीत जाऊन बसायला लागला. बसायचा, कुंथायचा, काही न होता उठायचा, पुन्हा पाच मिनिटांनी जायचा. मधूनच एक वेगळाच, खालच्या आवाजातला सूर काढायचा. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘पोट बांधलंय, तूप द्या.’ मी अर्धा चमचा तूप चाटवलं. सकाळी बघते तर कोपऱ्यात दबून बसलेला, दोनदा ओकलेला आणि पोटाला हात लावू देईना.

जवळच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि लगेच सांगितलं. पोट बांधलेलं नाही, लघवी अडकली आहे. बोक्यांची मूत्रनळी फार बारीक असते. लघवीत वाळूसारखे खडे धरले, की ती बुचासारखी बंद होते. मूत्राशय फुगतं, विष रक्तात चढतं, मूत्रपिंडं आणि हृदय थकतं. एक-दोन दिवसांत जनावर जातं. बोका वारंवार बसतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं, तर तूप चाटवत रात्र काढू नये. बोका पाळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवं, आणि मला नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे. ‘तीन दिवस ठेवावं लागेल. बारा हजारांपर्यंत जाईल. पाच आत्ता भरा,’ ते म्हणाले. माझ्या पर्समध्ये सातशे चाळीस रुपये होते. त्यांनी मूत्राशयातली थोडी लघवी सुईने काढली, तेवढ्याचेच पैसे घेतले आणि म्हणाले, ‘उशीर मात्र करू नका.’

भाजीच्या टोपलीत जॉबर, वर ओढणी बांधलेली, असे आम्ही घरी आलो. हे कामावर गेलेले. मुलं दारात उभी. मी आकडा सांगितला आणि सवयीने तोंडातून गेलं, ‘परवडत नाही.’

धाकटा एकदम ओरडला, ‘तुमच्याकडे असतात पैसे! तुम्हाला द्यायचे नसतात!’

चौदा खोल्यांना ऐकू गेलं असेल. माझा हात कसा उठला नाही, ते देवाला ठाऊक. मी आत गेले, तांदळाचा डबा सरकवला आणि वही त्याच्यासमोर आपटली. ‘वाच. तूच सांग कुठून देऊ.’

वाचली थोरलीने. ती वही ह्यांनी छापखान्यातल्या कापून उरलेल्या कागदांची बांधलेली आहे. लांबट, जाड पुठ्ठ्याची. ती मोठ्याने वाचायला लागली. ‘एप्रिल. बाबा, साडेअकरा हजार.’ पान उलटलं. ‘मे, साडेअकरा. जून, आठ.’ जूनमध्ये तीन हजार पाचशे बाकीच राहिले होते, ते आजतागायत आलेले नाहीत. ती पुढे वाचत राहिली, पण आता मनात. आबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, लाइट बिल, धाकट्याच्या क्लासचा हप्ता, माझ्या भिशीचा हप्ता बंद केल्याची खूण. दाणे, तेल, रेशन. किरकोळ. एका पानावर तिचं बोट थांबलं. ‘टॅली ६,५००’ असं मी लिहिलं होतं, त्याखाली तीन वेळा वेगवेगळ्या वजाबाक्या केल्या होत्या आणि शेवटी त्यावर काट मारली होती.

खोलीत कुणी बोलेना. टोपलीतून मांजराचा तो खालचा सूर येत होता.

मग थोरली म्हणाली, ‘आई, खरं बोलू? नको करू खर्च. मला नाही म्हणालीस ना, मग याला हो कसं म्हणशील?’ हे म्हणताना तिचा एक हात ओढणीखाली, जॉबरच्या कानामागे होता. धाकटा तिच्या अंगावर धावून गेला. मी दोघांच्या मध्ये. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. साडेसहा हजारांचं मुलीचं शिक्षण आणि बारा हजारांचं मांजर यांची तुलना कागदावर केली, तर ती चुकत नव्हती.

आबा खाटेवरून उठले. पत्र्याची पेटी उघडली, पाचशेच्या दोन नोटा काढल्या आणि उघड्या वहीवर ठेवल्या. ‘बैलघोड्याला न्या,’ ते म्हणाले. ‘इथे भांडत बसलात, तर मांजर ते ऐकूनच मरेल.’

परळचं ‘बैलघोडा’ म्हणजे बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं इस्पितळ. केईएमच्या, टाटाच्या परिसरातच. गिरणगावात त्याला त्याच्या पूर्ण नावाने कुणी ओळखत नाही. मुंबईत १८७४ साली घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या, त्या १९०५पर्यंत होत्या. माल ओढायला बैल होतेच. जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धची संस्थाही इथे १८७४चीच. त्या संस्थेच्या कामातून १८८०च्या दशकात हे इस्पितळ उभं राहिलं. देणगी दिली गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी आणि नाव दिलं पत्नीचं. बैल आणि घोडे शहरातून जवळजवळ गेले, इस्पितळाचं लोकांच्या तोंडातलं नाव तेवढं राहिलं. ‘गिरणीमालकाने आम्हाला काय दिलं असेल ते असो,’ आबा टॅक्सीत म्हणाले, ‘घोड्यांना चांगलं दिलं.’

टॅक्सीत मी, आबा आणि धाकटा. थोरलीची चाचणी परीक्षा होती. ती काही न बोलता कॉलेजला गेली.

रांगेत आमच्यापुढे एक शेळी होती, एक पाय बांधलेलं कुत्र्याचं पिल्लू, पिंजऱ्यात पोपट. शेळीवाल्या बाई धाकट्याशी गप्पा मारत होत्या. बाकावर टोपली मांडीवर घेऊन बसलेले आबा मला म्हणाले, ‘संपात आमच्याकडे एक मांजरी होती.’ संप म्हणजे १९८२चा. १८ जानेवारीला सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. आमच्या घरात ‘संप’ म्हटलं की दुसरा कुठला नसतोच. ‘तुझ्या सासूला आणि ह्याला गावी पाठवलं. मी आणि मांजरी राहिलो. मासळी कुठून आणणार? मी डाळभात खायचो, ती तोंड लावायची नाही. हाडं वर आली. एक दिवस पिशवीत घालून भाऊच्या धक्क्यावर सोडली. म्हटलं, तिथे खायला तरी मिळेल.’ थोडा वेळ गप्प राहिले. ‘पिशवीतून बाहेर पडली आणि माझ्याच मागे चालायला लागली. मी बसमध्ये चढलो.’

लग्नाला वीस वर्षं झाली, पण संपाच्या सगळ्या हकिगतींमध्ये ही मी कधी ऐकली नव्हती. ह्यांनाही ठाऊक नव्हती. मांजरी पळून गेली असं त्यांना सांगितलं होतं.

जॉबरला भूल देऊन नळी घातली. लाल लघवी बाटलीत उतरताना धाकट्याने बघितली आणि तो बाहेर येऊन पायरीवर बसला. सलाइन झालं. नंतरचे दोन दिवस नळीसकट त्याला ने-आण केली. एकदा मी, एकदा हे. तिसऱ्या दिवशी नळी काढली आणि त्याने धाकट्याच्या शाळेच्या दप्तरावर भरपूर मोठी धार सोडली. त्या लघवीचं आमच्या घरात झालं तेवढं स्वागत अजून कुठल्या निकालाचंही झालेलं नाही. पहिला दवाखाना, टॅक्सी, इंजेक्शनं, तपासण्या, गोळ्या मिळून चार हजार आठशे साठ रुपये झाले. हजार आबांचे, दोन हजार पतपेढीतून उचल, उरलेले गणपतीसाठी बाजूला ठेवलेल्या पाकिटातले.

सुकं खाणं बंद झालं. आता कोंबडीवाल्याकडून माना आणते, उकडते, हाडं एकूण एक काढते आणि मांस पाण्यासकट देते. मासळी स्वस्त असेल तेव्हा मांदेली आहेच. सुक्या पिशवीने महिन्याला दीडशे वाचवायला गेले होते मी.

वही पुन्हा डब्यामागे गेली नाही. त्या आठवड्यात थोरलीने ती आपल्या ताब्यात घेतली. मला विचारलंही नाही. रात्री जेवणं झाली, की ती पेन घेऊन बसते आणि एकेकाला विचारते. ‘किरकोळ’ हा शब्द तिने पहिल्याच दिवशी खोडला. ‘आई, तुझं निम्मं घर किरकोळमध्ये आहे.’ त्याच्या जागी ‘जॉबर’ अशी स्वतंत्र ओळ आली. रिचार्ज कुणाचा कधी संपतो, दोन पंखे एकाच वेळी का चालतात, याची उत्तरं द्यावी लागतात. माझ्यावर रागावणं तिने सोडलेलं नाही, पण आता ती आकडे घेऊन रागावते. त्याला मला उत्तर तरी देता येतं.

पण सगळं चांगलंच झालं असं लिहिलं, तर ते खोटं होईल. सप्टेंबरात एका पावसाळी दिवशी धाकट्याचे बूट मी घासायला घेतले. डाव्या बुटाचा तळ पुढून पूर्ण उघडलेला. आत पुठ्ठा घातलेला, तोही भिजून लगदा झालेला. ‘कधीपासून?’ तर म्हणाला, ‘ऑगस्टपासून.’ ‘सांगितलं का नाहीस?’ तर म्हणाला, ‘वाचलं होतं ना वहीत.’ जो मुलगा ‘तुम्हाला द्यायचे नसतात’ म्हणून चाळ डोक्यावर घेत होता, तो महिनाभर ओल्या पायाने शाळेत जात होता. मला आईचं बोलणं आठवलं. त्या रात्री वही पुन्हा डब्यामागे टाकावी असं मनापासून वाटलं. बूट साडेपाचशेला आले. थोरलीने लिहिले आणि ओळीपुढे कंसात ‘ताबडतोब सांगणे’ असं ठळक अक्षरात घातलं. त्यानंतर तो सांगतो. पण विचारण्याआधी एक क्षण थांबतो, आणि तो थांबलेला क्षण मला दिसतो. वर्षापूर्वी तो थांबत नव्हता.

त्या गणपतीत थोरली लालबागच्या बाजारात सजावटीच्या सामानाच्या दुकानात वीस दिवस उभी राहिली. मखरं, तोरणं, विजेच्या माळा. शेवटच्या आठवड्यात मालकाने तिला गल्ल्यावर बसवलं, कारण तिची बेरीज चुकत नाही. त्या पैशांत टॅलीची निम्मी फी निघाली. उरलेली निम्मी, हे जानेवारीत दुसऱ्या छापखान्यात लागल्यावर आम्ही भरली. पगार एकोणीस हजार. तेवीस नव्हेत, पण वेळेवर.

आबांचे हजार रुपये तिने वहीत ‘उसने’ म्हणून मांडले होते. आबा म्हणाले, ‘मी काय सावकार आहे?’ ती ऐकेना. दर महिन्याच्या पाच तारखेला शंभराची नोट त्यांच्या रेडिओखाली ठेवायची आणि वहीत त्यांची सही घ्यायची. दहा महिने हे चाललं. आबा बडबडत सही करायचे. शेवटच्या हप्त्याच्या दिवशी तिने हिशेबाखाली दोन रेघा ओढल्या. आबांनी नोट खिशात घातली, छत्री घेतली आणि जिना उतरले. तासाभराने आले, तेव्हा हातातल्या पिशवीतून पाणी गळत होतं आणि जॉबर पहिल्या जिन्यापासून त्यांच्या पायात घोटाळत होता.

‘किती झाले?’ थोरलीने वही उघडली.

‘हे त्यात लिहायचं नाही,’ आबा म्हणाले, आणि मांदेली मोरीत ओतली.